निवृत्तीनंतर खानदेशात परतताना

उमेदीची वर्षं मुंबई-पुण्यात नोकरीत गेली की निवृत्तीनंतर अमळनेर, पारोळा, शिरपूर, साक्रीची ओढ लागते. गावी जायचं म्हटलं की काही प्रश्न हमखास पुढे येतात. त्यांची उत्तरं नीट माहीत असली तर परतणं सुखाचं होतं.

पेन्शनचं काय होईल?

पेन्शन बुडत नाही, पण ती कोण देतं हे पाहावं. राज्य सरकारचं निवृत्तिवेतन कोषागारातून बँकेत येतं. मुंबईकरांसाठी हे काम वांद्र्याचं अधिदान व लेखा कार्यालय पाहतं. जिल्हा बदलायचा असेल तर आधीच्या कार्यालयात अर्ज करावा, म्हणजे कागद जळगाव किंवा धुळ्याच्या कोषागाराकडे जातात. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन 1 जानेवारी 2025 पासून देशात कुठल्याही बँक शाखेतून घेता येते, त्यासाठी कागद हलवावे लागत नाहीत. हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’मधून मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

वडिलांच्या घरात राहता येईल ना?

वडील गेले, पण कागदावर अजून त्यांचंच नाव आहे, असं पुष्कळ घरांत असतं. शेतीसाठी सातबारा, गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8, शहरातल्या जागेसाठी मिळकत पत्रिका काढून पाहा. वारसनोंद झाली नसेल तर आधी ती करा. भाऊबहीण हक्क सोडायला तयार असतील तर हक्कसोड पत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. तोंडी शब्दावर घराच्या दुरुस्तीत आयुष्याची पुंजी घालू नये.

जुनं धाब्याचं घर उन्हाळ्यात खरोखर गार राहतं. जाड मातीच्या भिंती, लाकडी सरे आणि वर मातीचा थर असल्याने ऊन आत पोचायला वेळ लागतो. पण पावसाळ्याआधी दरवर्षी धाब्यावर चढून भेगा बुजवाव्या लागतात, पन्हाळी मोकळी करावी लागते. हे काम कोण करणार ते आधी ठरवा. झोपायची खोली, संडास आणि न्हाणीघर तळमजल्यावर हवं. भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या.

उन्हाळा सोसेल का?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांना औषधं दाखवून घ्यावीत. न वापरलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. वीज गेली तर फ्रिज किती वेळ गार राहील, याची सोय आधी बघा.

दवाखाना किती लांब?

जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण आपलं गाव तिथून किती लांब आणि रात्री दोन वाजता गाडी कोण काढील, हे महत्त्वाचं. वयाची 70 वर्षं पूर्ण झालेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. मात्र ते योजनेत असलेल्या रुग्णालयातच चालतं. खासगी विमा असेल तर कॅशलेसची यादी आधी तपासा.

मुलांकडे जाणं-येणं?

जळगाव मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावर आहे, सुरतचा मार्गही तिथेच मिळतो. धुळ्याला चाळीसगावहून फाटा जातो. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे. एसटीत मात्र 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट आणि 75 वर्षांपुढे राज्यात प्रवास मोफत आहे.

मग पुण्याचा फ्लॅट विकावा का?

लगेच नाही. आखाजीला गावी या आणि पोळ्यापर्यंत राहा. एवढ्यात कडक ऊन, पहिला पाऊस, पाण्याची ओढाताण, भावकीचं येणं-जाणं, सगळं अनुभवाला येतं. तोवर फ्लॅट राहू द्या, आधारवरचा पत्ता आणि मतदार यादीतलं नावही हलवू नका. राहायचं पक्कं झालं की आधी आधार, मग मतदार यादीसाठी नमुना 8, नंतर बँक आणि गॅस, असं एकेक काम उरका.

या निर्णयात घरच्या बाईचं मत आधी घ्या. गावात दिवसभर घर सांभाळण्याचा भार बहुधा तिच्यावरच पडतो. तिचा होकार मनापासून असेल तरच सामान बांधा.