फळ्याशी बोलणारे प्राध्यापक

आवडत्या लेखकाला एकदा तरी समोर बसून ऐकावे, ही विद्यार्थिदशेतील मोठी हौस असते. महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळात एखादे नामवंत लेखक येत, तेव्हा वाणिज्य शाखेचे आम्हीही मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसत असू. पुस्तकातून मनात भरलेली मूर्ती आणि व्यासपीठावरील माणूस यांचा मेळ दर वेळी बसेच, असे नाही. हा मेळ अजिबात न बसलेल्या एका विद्यार्थिनीची हकिकत मला अलीकडे वाचावयास मिळाली.

ती विद्यार्थिनी म्हणजे पुढे नावारूपास आलेल्या इंग्रज लेखिका डायना विन जोन्स (१९३४–२०११). त्यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ या १९८६ च्या कादंबरीवर जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी २००४ साली चित्रपट केला. तो आपल्या घरच्या नातवंडांनी बहुधा पाहिलेलाही असेल.

लेखक या प्राण्याविषयी डायनाबाईंचा भ्रम फार लवकर दूर झाला होता. दुसऱ्या महायुद्धात शहरांतील मुलांना सुरक्षित ठिकाणी हलवण्यात आले, तेव्हा त्या इंग्लंडच्या सरोवर प्रांतात राहत होत्या. मुलांच्या गोंगाटाने त्रस्त होऊन तक्रार करावयास एक गृहस्थ आले, ते निघाले बालवाचकांचे लाडके आर्थर रॅन्सम. फाटकावर झोके घेणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीला एका वृद्ध बाईंनी चापट मारली. त्या होत्या सशांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटर! गंमत अशी की, पुढे याच रॅन्समच्या पुस्तकांचा संपूर्ण संच वडिलांनी आणला, पण कपाटात कुलूपबंद ठेवला. दर नाताळला तीन बहिणींत मिळून एक पुस्तक हाती पडे. पुस्तकांच्या या उपासमारीतूनच डायना बहिणींसाठी स्वतः गोष्टी लिहू लागल्या.

१९५३ साली त्या ऑक्सफर्डच्या सेंट अ‍ॅन्स कॉलेजात दाखल झाल्या. त्या वेळी सी. एस. लुईस आणि जे. आर. आर. टॉल्किन हे दोघेही तेथे शिकवत होते. लुईस यांचा आवाज खणखणीत, सभागृह तुडुंब. टॉल्किन मात्र श्रोत्यांकडे पाठ करून फळ्याशीच पुटपुटत. पहिल्या दिवशीची गर्दी दोन आठवड्यांत ओसरली आणि डायना धरून जेमतेम चार-पाच जण उरले. १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही खंड प्रसिद्ध झाले, म्हणजे प्राध्यापकमहाशयांचे चित्त कोठे असेल, याची कल्पना करता येते. श्रोतेच उरले नाहीत तर व्याख्यान बंद होईल, मानधन मात्र चालू राहील, हा त्यांचा डाव असावा, असा डायनाबाईंचा मिश्कील तर्क होता. तो खरा की खोटा, देव जाणे. पण साऱ्या नोकरीत ग्राहकांच्या खिडकीमागे बसलेल्या मला तो अगदीच अपरिचित वाटला नाही.

मग हे चार-पाच जण का टिकून राहिले? कारण त्या पुटपुटण्यात काही मोलाचे होते. टॉल्किन कथेच्या रचनेविषयी बोलत होते. एक मनुष्य प्रवासाला निघतो, इतकीच साधी गोष्ट त्यांनी घेतली. मग त्या प्रवासाला एक हेतू दिला. केवळ तेवढ्याने भटकंतीच्या कथेची शोधकथा झाली. तेथून कधीतरी ते चॉसरच्या ‘पार्डनर्स टेल’पाशी पोहोचले. मृत्यूला ठार करण्यासाठी निघालेल्या तिघांना झाडाखाली सोन्याची रास सापडते आणि त्या लोभापायी ते एकमेकांचे प्राण घेतात. येथे शोधकथा पूर्ण उलटी होते: शोधलेले सापडते, पण शोधणाराच उरत नाही. हेच कथाबीज आपल्याकडील पाली ‘वेदब्भ जातका’त आहे. तेथेही धनासाठी शेवटी दोघेच चोर उरतात. एक दुसऱ्याला मारतो, आणि त्यानेच विष कालवून आणलेला भात खाऊन मरतो.

टॉल्किन यांना बोलताच येत नव्हते, असे मात्र समजू नये. १९२०च्या दशकात कवी डब्ल्यू. एच. ऑडेन याच विद्यापीठात विद्यार्थी होते. टॉल्किन यांनी ‘बेओवुल्फ’ हे प्राचीन काव्य म्हणून दाखवले, तो अनुभव ऑडेन जन्मभर विसरले नाहीत. कादंबरीतील वृद्ध मांत्रिक गॅन्डाल्फचाच तो आवाज होता, असे त्यांनी पुढे टॉल्किन यांना कळवले. ऑडेन यांना आवाज मिळाला, डायनाबाईंना कथेचा सांगाडा. मला विचाराल तर ज्याला पुढे लिहावयाचे आहे, त्याला दुसरीच देणगी अधिक उपयोगी. आवाज आठवणीत राहतो, सांगाड्यावर घर बांधता येते.

त्या काळी ऑक्सफर्डमध्ये अद्भुतकथेला मान नव्हता. लुईस-टॉल्किन यांचा विषय निघाला की लोक भुवया उंचावत आणि घाईघाईने पुस्ती जोडत, की तसे ते उत्तम विद्वानही आहेत बरे! पेनेलोपी लाइव्हली, जिल पॅटन वॉल्श या पुढील काळातील बाललेखिकाही त्याच सुमारास तेथे शिकत होत्या. पण त्यांची डायनाबाईंशी जेमतेमच गाठ पडली आणि अद्भुतकथेविषयी तर कधी शब्दही निघाला नाही. १९८३ साली डायनाबाईंनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या कथनरचनेवर एक दीर्घ लेख लिहिला. टॉल्किन यांना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. कथानक कोठे वळते, कोठे थांबते आणि पुढच्या वळणाची चाहूल आधीच कशी देते, हे त्यात त्यांनी उलगडून दाखवले आहे, आणि फळ्याकडे तोंड करून बोलणारे ते प्राध्यापकही त्या लेखात आहेत.