माल तयार आहे : गिऱ्हाइकास निरोप कोणत्या वाटेने धाडावा?

अजिंठ्याचा डोंगर जगास ठाऊक आहे तो लेण्यांमुळे. परंतु डोंगराच्या माथ्यावरील सिल्लोड व पायथ्याकडील सोयगाव या तालुक्यांतील शेतकऱ्याचा संसार चालतो तो कापूस, मका व मिरची यांवर. कापूस घरात साठविता येतो. मका वाळवून पोत्यात भरून ठेवता येतो. हिरव्या मिरचीस मात्र थांबणे ठाऊक नाही. तोडा झाल्यावर दोन-तीन दिवसांतच ती सुकू लागते, आणि पावसात भिजलेली मिरची तशीच गोणीत भरली तर सडावयास लागते. डोंगरातील सीताफळाचीही तीच गत आहे. झाडावरून उतरविलेले तयार फळ थोड्याच दिवसांत पिकते व मग त्यास प्रवास सोसत नाही. लेणी सोमवारी बंद असतात. त्यामुळे रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसणाऱ्यांनी रविवारी जास्त फळ उतरविले, तर सोमवारी ते घेणार कोण?

अशा मालाचे गिऱ्हाईक तोड्याच्या आधी ठरलेले असावे, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. हल्ली बहुतेक घरांत मोबाईल आहे, आणि सिल्लोडचा व्यापारी असो, फर्दापूरचा खानावळवाला असो की जळगावचा भाजीविक्रेता असो, तो एका क्रमांकाच्या अंतरावर आहे. तरीही निरोप वेळेवर न पोचल्याने माल पडून राहिल्याची तक्रार पुष्कळ वेळा ऐकू येते. याचे कारण बहुधा यंत्रात नसून निरोपाची वाट निवडण्यात असते. फोन, लघुसंदेश, व्हॉट्सअॅप व ध्वनिमुद्रित संदेश ही एकाच कामाची चार अवजारे नव्हेत. नांगर, वखर व कोळपे यांची कामे जशी निरनिराळी, तशीच यांचीही आहेत.

दोन अनुभव

या बाबतीत आपल्या देशातील दोन अनुभव बोधप्रद आहेत. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाईल सेवा सुरू झाली. तोवर मासळी भरलेली होडी नेहमीच्या बंदरास लागे. तेथे गिऱ्हाईक नसले की मासळी फेकून द्यावी लागे, आणि त्याच वेळी जवळच्या दुसऱ्या बंदरात मासळीची टंचाई असे. मोबाईल आल्यावर कोळी लोक समुद्रातूनच दोन-चार बंदरांच्या व्यापाऱ्यांशी बोलू लागले व जेथे मागणी असेल तेथे होडी वळवू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने याचा अभ्यास करून २००७ साली प्रसिद्ध केला. मासळीची नासाडी थांबली, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, आणि गिऱ्हाइकास मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळू लागली, असे त्यात आढळले.

दुसरा अनुभव महाराष्ट्रातील आहे. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २००७ साली आपल्या राज्यात ‘रॉयटर्स मार्केट लाईट’ नावाची सेवा सुरू केली. वर्गणी भरणाऱ्या शेतकऱ्यास बाजारभाव, हवामान व पिकाविषयीचा सल्ला मराठी लघुसंदेशाने मिळे. राज्यातील १०० गावांत या सेवेची परीक्षा घेण्यात आली व तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांना सरासरीने अधिक दर मिळाल्याचे संशोधकांना दिसून आले नाही.

पहिल्या ठिकाणी लाभ झाला व दुसऱ्या ठिकाणी दर हलला नाही. मासळी व शेतमाल यांचे व्यापार वेगळे आहेत, म्हणून या दोहोंची सरळ तुलना करू नये. परंतु एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. कोळ्याने विचारले आणि समोरच्या व्यापाऱ्याने त्यास उत्तर दिले. दराचा लघुसंदेश आला, तो वाचला गेला व तेथेच संपला. किडीच्या प्रादुर्भावाची सूचना एकतर्फी असली तरी चालते. राज्यात २००९ पासून चाललेल्या क्रॉपसॅप प्रकल्पातून अशा सूचना लघुसंदेशाने दिल्या गेल्या आहेत, आणि ती वाचून शेतकरी पुढील उपाय करू शकतो. विक्रीच्या निरोपाचे तसे नाही. तो गिऱ्हाइकाचे उत्तर येईपर्यंत अर्धाच असतो. म्हणून प्रत्येक वाटेची पारख करताना प्रथम हे पाहावे, की तिने उत्तर किती लवकर व किती स्पष्ट परत येते.

प्रत्यक्ष फोन

भाव ठरविणे, अडचण सांगणे व तातडीचा बदल कळविणे यांस प्रत्यक्ष बोलण्यासारखे साधन नाही. ज्यास वाचता येत नाही त्याच्याशीही ते चालते. परंतु यात दोन उणिवा आहेत. पहिली वेळेची. एका गिऱ्हाइकास तीन मिनिटे धरली, तर ४० गिऱ्हाइकांस दोन तास लागतात, आणि तोड्याच्या दिवशी दोन तास कोणाजवळ नसतात. दुसरी उणीव पुराव्याची. फोनवर ‘वीस’ ठरले. ते वीस किलो की वीस गोणी, यावरून संध्याकाळी तंटा होतो. यासाठी फोनवर ठरलेली गोष्ट लगेच दोन ओळींच्या संदेशाने पक्की करावी. माल, वजन, दर, वेळ व ठिकाण ही पाच अंगे त्यात असलीच पाहिजेत.

लघुसंदेश

लघुसंदेशास, म्हणजे एसएमएसला, इंटरनेट लागत नाही व तो साध्या मोबाईलवरही वाचता येतो. समोरचा फोन काही वेळ बंद असला किंवा घाटात रेंज तुटली असली, तर संदेश कंपनीच्या यंत्रणेत थांबतो व फोन लागताच पोचविला जातो. मात्र ही मुदत अमर्याद नसते.

मराठी लिहिणाऱ्यांनी एक हिशेब जाणून घ्यावा. रोमन अक्षरांच्या एका लघुसंदेशात १६० चिन्हे मावतात, पण देवनागरीत केवळ ७०. काना, मात्रा, वेलांटी, उकार, पूर्णविराम व मधली मोकळी जागा यांचीही स्वतंत्र मोजणी होते. संदेश ७० चिन्हांपलीकडे गेला की त्याचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हे बसतात, व प्रत्येक तुकड्याचा आकार निराळा लागू शकतो. म्हणून ‘आपणास कळविण्यास आनंद होतो की’ अशा प्रस्तावनेस येथे जागा नाही. उदाहरणादाखल पुढील संदेश पाहावा :

‘हिरवी मिरची तयार. उद्या ७ वा. फर्दापूर. ४० रु. किलो. होय/नाही कळवा.’

यात ६७ चिन्हे आहेत, सर्व आवश्यक माहिती आली आहे, आणि शेवटी उत्तरही मागितले आहे. गिऱ्हाइकाने गटाचा क्रमांक आपल्या मोबाईलमध्ये नावाने नोंदवून घेतलेला असला, म्हणजे निरोप कोणाचा हे निराळे लिहावे लागत नाही.

नियमांकडेही लक्ष हवे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार, एकगठ्ठा व्यापारी लघुसंदेश पाठविणाऱ्या संस्थेस दूरसंचार कंपनीकडे आपले नाव, संदेशाचे शीर्षनाम व मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो. साध्या क्रमांकावरून अनोळखी लोकांस जाहिरातीचे संदेश धाडीत राहिल्यास १९०९ या क्रमांकावर तक्रार होऊन तो क्रमांक बंद होऊ शकतो. नोंदणीकृत शीर्षनामाने आलेल्या संदेशास सामान्यतः उलट उत्तर देता येत नाही, त्यामुळे मजकुरात उत्तरासाठी फोन क्रमांक द्यावा. ही पद्धत मोठ्या शेतकरी उत्पादक कंपनीस परवडेल. दहा-बारा शेतकऱ्यांच्या गटाने आपल्या परिचित व संमती दिलेल्या गिऱ्हाइकांपुरतेच राहावे, हे उत्तम.

व्हॉट्सअॅप

चित्र दाखविणे, आवाजात निरोप देणे, शेताचे ठिकाण नकाशावर पाठविणे व लगेच उत्तर घेणे ही या साधनाची बलस्थाने होत. २०२० च्या टाळेबंदीत पुणे-मुंबईच्या गृहसंस्थांतील मागणी गोळा करून अनेक शेतकरी गटांनी भाजीपाला थेट पोचविला, त्यात या साधनाचा मोठा उपयोग झाला. छोट्या व्यापारासाठी २०१८ पासून त्याची निराळी आवृत्ती मिळते. तीत मालाची यादी चित्रांसह मांडता येते, नेहमीची उत्तरे तयार ठेवता येतात व गिऱ्हाइकांना ‘नवीन मागणी’, ‘पैसे येणे’ अशी चिठ्ठी लावता येते. तिचा साधा वापर विनामूल्य आहे. मोठ्या कंपन्यांसाठी असलेल्या व्यवस्थेत मात्र मजकुराचे नमुने मंजूर करून घ्यावे लागतात, आणि १ जुलै २०२५ पासून अशा संदेशांवर संदेशागणिक आकारणी होते.

गट व प्रसारण यादी यांतील भेद विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस आवर्जून समजावून द्यावा. गटात सर्वांचे क्रमांक सर्वांस दिसतात. एका गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की बाकीचेही तेच मागतात, आणि सकाळच्या शुभेच्छांच्या गर्दीत मिरचीचा निरोप हरवून जातो. प्रसारण यादीने पाठविलेला निरोप प्रत्येकास स्वतंत्र मिळतो व उत्तरही खासगी येते. एका यादीत २५६ जणांपर्यंत नावे घालता येतात. परंतु ज्या गिऱ्हाइकाने गटाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही, त्यास यादीचा निरोप मिळतच नाही. पाठविणाऱ्यास वाटते की सर्वांस कळविले, आणि निम्मे गिऱ्हाईक अंधारात राहते. म्हणून पहिल्याच खरेदीच्या वेळी क्रमांक जतन करून घेण्याची विनंती करावी.

एक खूण म्हणजे निरोप निघाला, दोन खुणा म्हणजे तो फोनवर पोचला. वाचला असे नव्हे. निळ्या खुणाही गिऱ्हाईक आपल्या इच्छेने बंद ठेवू शकतो. तेव्हा खुणांवर विसंबून गोण्या भरू नयेत. ‘होय’ आले तरच माल बांधावा, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत उत्तर न आल्यास फोन करावा.

मुद्रित आवाज व मिस्ड कॉल

ज्यांना वाचणे अवघड जाते त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रित निरोप सोयीचा असतो. इफ्को किसान संचार या संस्थेने शेतकऱ्यांस आवाजी संदेश देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर राबविली होती. व्यापारात मात्र यंत्राने केलेल्या फोनवर लोकांचा विश्वास कमी असतो, व त्यासही नोंदणीचे नियम लागू आहेत. छोट्या गटास व्हॉट्सअॅपवरील अर्ध्या मिनिटाचा, ओळखीच्या आवाजातील निरोप अधिक उपयोगी पडेल. रोजच्या ठरलेल्या गिऱ्हाइकाशी ‘मिस्ड कॉल आला म्हणजे नेहमीइतका माल पाठवावा’ असा संकेत ठेवल्यास त्यास काहीच खर्च येत नाही. पण संकेताचा अर्थ आधी दोघांनी मिळून ठरविलेला हवा.

वहीतील एक पान

वरील विवेचनावरून कोणते एक साधन सर्वश्रेष्ठ, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. यास्तव प्रत्येक गटाने वहीचे एक पान यासाठी राखावे. त्यावर गिऱ्हाइकाचे नाव, त्याने निरोपास दिलेली संमती, त्यास सोईचे साधन, सोईची वेळ व नेहमीची मागणी लिहावी. खानावळवाला दुपारच्या गर्दीत फोन उचलणार नाही. भाजीविक्रेता भल्या पहाटे जागा असतो. घरगुती गिऱ्हाइकास चित्र पाहावेसे वाटते. हे एकदा लिहून ठेवले की दर तोड्यास नव्याने विचार करावा लागत नाही.

पुढील तीन तोड्यांत प्रत्येक साधनाने किती जणांस कळविले, किती जणांनी उत्तर दिले व प्रत्यक्ष किती जणांनी माल उचलला, याची नोंद ठेवावी. समजा, लघुसंदेश ३० जणांस गेला व १० जणांनी माल घेतला. व्हॉट्सअॅपचा निरोप ३० जणांस गेला, २० जणांनी चित्र पाहून वाखाणणी केली, पण माल सहाच जणांनी घेतला. तर वाखाणणीवर न भुलता आकडे पाहावेत.

पैशाच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी. पैसे भरल्याचे चित्र दाखविले म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. खात्यावर जमा पाहूनच गोणी हाती द्यावी. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा गुप्त अंक कधीही घालावा लागत नाही. कोणी तो घालावयास सांगितल्यास तो फसवीत आहे असे समजावे. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटी, कोणत्याही वाटेने गेला तरी निरोप खरा असला पाहिजे. चित्र त्याच दिवशीच्या तोड्याचे असावे. वरच्या थरात टवटवीत मिरची व खाली पिवळी, असे एकदा घडले की गिऱ्हाईक पुढचा निरोप उघडत नाही. पाऊस लागून तोडा लांबला, तर तेही तितक्याच तत्परतेने कळवावे. ज्या गटाचा ‘आज माल नाही’ हा निरोप खरा ठरतो, त्याच्या ‘माल तयार आहे’ या निरोपास उत्तर येते.