रंगमंचावरचा खरा खून

पांढरा रंग फासलेल्या चेहऱ्याने, फाटलेल्या काळजाने गाणारा विदूषक हे युरोपीय संगीतनाटकातील बहुधा सर्वाधिक परिचित चित्र असावे. एन्रिको कारुझो या टेनर गायकाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी ध्वनिमुद्रित केलेल्या विदूषकाच्या या पदाने ऑपेराचे नावही न ऐकलेल्या घरांत प्रवेश मिळवला. मात्र ज्या कथेतून हे पद येते, ती अनेकांना ठाऊक नसते. ती आहे रुज्जेरो लिओनकावालो यांच्या ‘पाल्याची’ (विदूषक) या ऑपेराची.

२१ मे १८९२ रोजी मिलान येथील दाल व्हेर्मे नाट्यगृहात या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. वाद्यवृंदाचे संचालन करत होते अवघ्या पंचविशीतील आर्तुरो तोस्कानिनी. राजे-राण्या आणि देवदेवता यांना बाजूला सारून खेड्यापाड्यांतील सामान्य माणसांचे रागलोभ रंगमंचावर आणणाऱ्या ‘वेरिस्मो’ अर्थात वास्तववादी प्रवाहाची ही महत्त्वाची कृती. पिएत्रो मास्कान्यी यांच्या ‘कावालेरिया रुस्तिकाना’ने १८९० साली हा मार्ग मोकळा केला होता. लिओनकावालो यांनी संहिताही स्वतःच लिहिली.

कथा घडते दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांतात, मोंताल्तो या गावी. दिवस १५ ऑगस्टचा, मेरीमातेच्या सणाचा. ढोल वाजवत एक फिरती नाटक मंडळी गावात येते. मंडळीचा मालक कानिओ, त्याची तरुण पत्नी नेद्दा, कुबडा नट तोनिओ आणि चौथा बेप्पे. संध्याकाळच्या खेळाची दवंडी पिटून झाल्यावर गावकरी कानिओला गुत्त्यावर चलण्याचा आग्रह करतात. मागे राहणाऱ्या तोनिओला नेद्दाशी सलगी करायची असेल, अशी थट्टा कोणी तरी करतो. कानिओ हसत नाही. खेळात बायको परपुरुषासोबत सापडली तर विदूषक चार शब्द सुनावतो, मार खातो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण नाटक आणि आयुष्य एक नव्हे, असे तो बजावतो. पुढचे सारे या बोलण्यातच दडलेले आहे.

एकटी राहिलेली नेद्दा आकाशातून जाणारे पक्षी पाहत स्वातंत्र्याचे गीत गाते. तोनिओ तिच्यापाशी प्रेम व्यक्त करतो, ती हसते. तो अंगचटीला येताच ती चाबूक ओढते. त्या फटक्याचा सूड हेच कथेचे खरे वळण. नेद्दाचे प्रेम आहे गावातील सिल्व्हिओ या तरुणावर. त्याच रात्री पळून जाण्याचा दोघांचा बेत ठरतो. तोनिओ गुपचूप कानिओला घेऊन येतो. त्याच्या कानी पडतात ते निरोपाचे शब्द; प्रियकर मात्र भिंतीवरून निसटतो. त्याचे नाव सांग म्हणून कानिओ सुरा उगारतो, नेद्दा तोंड उघडत नाही. बेप्पे मध्ये पडून सुरा काढून घेतो. प्रेक्षक जमू लागले आहेत. खेळ तर करायलाच हवा. आणि येथेच कानिओ चेहऱ्याला रंग लावता लावता ते विख्यात पद गातो.

दुसऱ्या अंकात नाटकात नाटक सुरू होते. नेद्दा झाली आहे कोलंबिना, बेप्पे तिचा प्रियकर आर्लेकिनो आणि कानिओ फसवला गेलेला नवरा. प्रहसनातील कोलंबिना प्रियकराला निरोप देते तो दुपारच्याच शब्दांत. कानिओचा तोल सुटतो. मी विदूषक नाही, असे सांगून तो खऱ्या प्रियकराचे नाव मागतो. उपासमारीने मरू घातलेल्या अनाथ मुलीला आपणच उचलून आणले, नाव दिले, असे तो ऐकवतो. कानिओची वेदना खरी आहे यात शंका नाही. परंतु प्रेमाला उपकाराचे कर्ज समजणारी त्याची भाषा आजच्या प्रेक्षकाला खटकल्यावाचून राहत नाही. नेद्दा प्रहसनाचा धागा पुन्हा जोडू पाहते. प्रेक्षक मात्र अभिनयाला दाद देत बसले आहेत. हा अभिनय नाही हे त्यांना उमगते तेव्हा उशीर झालेला असतो. कानिओ तिच्यावर सुरा चालवतो. मरताना ती सिल्व्हिओला हाक मारते आणि इतका वेळ जिवापाड जपलेले नाव अखेर तिच्याच तोंडून बाहेर पडते. धावून आलेला सिल्व्हिओही त्याच सुऱ्याला बळी पडतो.

ही कथा आपल्या न्यायाधीश वडिलांसमोर चाललेल्या खटल्यावर आधारलेली आहे, असे लिओनकावालो सांगत. मोंताल्तो येथे १८६५ साली प्रेमप्रकरणातून खून झाला होता हे खरे. मात्र त्यात नाटक मंडळी नव्हती. फ्रेंच लेखक कात्यूल मेंदेस यांनी तर वाङ्मयचौर्याचा आरोप केला. पुढे त्यांनी तो मागे घेतला.

खेळ संपल्याचे जाहीर करणारे अखेरचे वाक्य मूळ संहितेत तोनिओचे आहे. प्रारंभी पडद्यापुढे येऊन, नटही हाडामांसाची माणसे असतात, असे सांगणारा तोनिओच असल्याने ही रचना चपखल होती. कालांतराने कानिओची भूमिका करणाऱ्या टेनर गायकांनी ते वाक्य आपल्याकडे घेतले आणि बहुतेक ठिकाणी तोच प्रघात पडला. काही दिग्दर्शक मात्र ते तोनिओला परत देतात.