आवाजाची नस आणि थायरॉइडची शस्त्रक्रिया

थायरॉइडची गाठ काढली की आवाज जातोच, हा सर्वांत पसरलेला समज. आळंदीत त्याचा धसका जास्त. 1917 साली जोग महाराजांनी सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेमुळे हे गाव कीर्तनकारांचे, म्हणजे गळ्यावर भिस्त असलेल्यांचे. प्रत्यक्षात सरावलेल्या हातांत आवाजाची नस कायमची निकामी होण्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असते. ओढ बसून आलेला अशक्तपणा बहुधा सहा महिन्यांत भरून येतो. (बोलीत रक्तवाहिनीलाही नसच म्हणतात, इथे ती स्वरयंत्र हलवणारा चेतातंतू आहे.)

ही नस पुस्तकातल्या चित्राप्रमाणेच सापडते, हा समज अधिक घातक. व्हेगस नसेपासून फुटून ती डावीकडे महाधमनीला, उजवीकडे हाताच्या धमनीला वळसा घालते आणि श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा वर चढते. थायरॉइडच्या खालच्या धमनीला ती कधी पुढून ओलांडते, कधी मागून, कधी तिच्या फांद्यांमधून. अनेकांत स्वरयंत्रात शिरण्याआधीच तिला फाटे फुटतात. स्नायू हलवणारा बहुधा पुढचा फाटा, आणि बारीक रक्तवाहिनी समजून कापला जाण्याची भीतीही त्यालाच. शंभरात एखाद्याची, किंवा त्याहूनही कमी जणांची, उजवी नस वळसा घेतच नाही. त्यांच्यात उजव्या हाताची धमनी गर्भातच वाट बदलून अन्ननलिकेमागून गेलेली असते. वळसा घ्यायला खुंटीच नाही, म्हणून नस मानेतूनच आडवी स्वरयंत्रात जाते. ही रचना स्टेडमनने 1823 साली नोंदवली. सीटी स्कॅनवर धमनीची ती वाट दिसली, तर सर्जन आधीच सावध होतो.

नसेपासून लांब राहावे, असे जुने सर्जन मानत. बॉस्टनच्या फ्रँक लेहींनी 1938 साली उलट मांडले: नस शोधून, डोळ्यांसमोर ठेवूनच गाठ सोडवावी.

नसेला विजेचा सौम्य स्पर्श करून स्वरयंत्राचा प्रतिसाद टिपणारा नर्व्ह मॉनिटर लावला की धोका संपला, असेही नाही. यंत्र डोळ्यांची जागा घेत नाही. मात्र व्हेगसला खाली विजेचा सौम्य स्पर्श करूनही स्वरयंत्र गप्प आणि वर केल्यावर प्रतिसाद, असे झाले तर नस वळसा न घेणारी असल्याचा संशय येतो. एका बाजूचा प्रतिसाद मध्येच थांबला, तर दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. दोन्ही नसा दुखावल्या तर प्रश्न आवाजाचा न राहता श्वासाचा होतो.

बोलता येते म्हणजे नसा शाबूत, हेही खरे नाही. थायरॉइडच्या वरच्या धमनीलगत आणखी एक बारीक नस असते, स्वरतंतू ताणणारी. ती दुखावली तर गप्पा नीट होतात, पण चढ्या पट्टीतला अभंग गाताना आवाज वर जात नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दुर्बिणीने स्वरतंतू पाहतात. पहिल्या काही दिवसांतला घोगरेपणा मात्र पुष्कळदा भूल देताना घातलेल्या नळीचाच असतो.