देवीच्या नावाने सोडलेल्या मुली

‘देवीनंच बोलावलं, म्हणून पोरगी सोडली.’ महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात यल्लम्मा देवीला सोडलेल्या जोगतिणींबद्दल हे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. हे बोलावणं म्हणजे बहुतेकदा डोक्यात आलेली जट. केसांना तेल-फणी लागली नाही की मळ-घाम साठून ते गुंततात. देवीच्या कोपाच्या भीतीने तो गुंता कुणी सोडवत नाही, म्हणून जट वाढते. कापली तर कोप होत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी कितीतरी बायकांच्या जटा कापल्या आहेत.

जट हे निमित्त. खरी चिंता वेगळी असते: घरात मुलगा नाही, म्हातारपणी बघायचं कुणी? सोडलेली मुलगी सासरी जात नाही. माहेरी राहून कमावते, आईबापांना पोसते. अशा मुली बहुतांश गरीब दलित घरांतल्याच का, याचं उत्तर जातीत आणि दारिद्र्यात शोधावं लागतं.

‘हे तर देवाशी लग्न, यात शोषण कसलं?’ असंही विचारतात. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ पडते तेव्हा ती अनेकदा अजाण पोर असते. वयात आली की एखादा पैसेवाला तिला झुलवा लावतो, म्हणजे लग्नाविना ठेवून घेतो. त्याच्यावर ना लग्नाची जबाबदारी, ना मुलांची. त्याने सोडलं की ती उघड्यावर पडते. कित्येकी त्यानंतर मुंबई-पुण्याच्या कुंटणखान्यांत पोचल्या. देवीचं नाव पुढे केलं की त्या पुरुषाचं नाव कुणी विचारत नाही. या शोषणातला धर्माचा वाटा मला नेमका इथे दिसतो. 18 वर्षांखालच्या मुलीची ‘संमती’ तर 2012चा पॉक्सो कायदा मानतच नाही.

दक्षिणेतल्या मंदिरांत इनामं असलेल्या देवदासी, म्हणजे देवाला सोडलेल्या नर्तकी होत्या, हे खरं. त्या वैभवाचे दाखले परडी घेऊन दारोदार जोगवा मागणाऱ्या बाईला लागू पडत नाहीत.

कायदा झाला, म्हणजे प्रथा संपली? मुंबई प्रांतात मुली सोडण्यावर 1934 सालीच बंदी आली. देवदासीचं लग्न वैध, तिची मुलं औरस, हेही त्याच कायद्याने सांगितलं. तरी कर्नाटकाला 1982 साली आणि महाराष्ट्राला 2005 साली नवे कायदे करावे लागले. जाहीर विधी थांबले, पण चोरून, घरातल्या घरात माळ बांधणं चालू राहिलं.

आणि ‘या प्रथेला विरोध म्हणजे धर्मबुडव्या शहरी लोकांचं खूळ’ हा आरोप तर सर्वांत अन्यायाचा. शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ पत्रातून खंडोबाला सोडलेल्या मुरळ्यांचा प्रश्न मांडला, तेव्हा शिवूबाई नावाच्या मुरळीने 1909 साली त्याच पत्रात आपल्या जिण्याची कहाणी स्वतः लिहिली. पुढे तिने चळवळीतल्याच एका कार्यकर्त्याशी लग्न केलं.