मराठी वाहिन्या इंटरनेटवर पाहता? मग टीव्ही लायसन्सचे काय?

ब्रिटनमधली आपली मंडळी मला हा प्रश्न नेहमी विचारतात : "मराठी वाहिन्यांचे पैसे दरमहा भरतो, बीबीसी कधी लावत नाही, मग लायसन्स कशाला?" वाहिनीचे पैसे कंपनीला जातात, त्याने लायसन्स भरल्यासारखे होत नाही. शिवाय लायसन्सशिवाय पाहिल्यास 1,000 पौंडांपर्यंत दंड आणि वर कोर्टखर्चही होऊ शकतो. म्हणून नियम नीट समजून घेऊ.

1. कोणतीही वाहिनी लाइव्ह पाहिली वा रेकॉर्ड केली, तर लायसन्स हवे. वाहिनी मुंबईची असो की लंडनची, पडदा टीव्हीचा असो की मोबाइलचा. यूट्यूबवर मराठी वृत्तवाहिनी लाइव्ह लावली तरी तेच.

2. कार्यक्रम मागाहून सवडीने पाहिला, तर लायसन्स नको.

3. अपवाद बीबीसी आयप्लेअरचा. 1 सप्टेंबर 2016 पासून त्यावरचे जुने कार्यक्रम पाहायलाही लायसन्स लागते.

म्हणजे भारतात रात्री आठला लागणारी मालिका इथे हिवाळ्यात दुपारी अडीचला लाइव्ह पाहिली, तर लायसन्स हवे. तोच भाग रात्री जेवताना कॅच-अपवर पाहिला, तर नको.

एका घराला एकच लायसन्स पुरते. माझी आई भारतातून राहायला येते, तेव्हा तिच्यासाठी वेगळे काढावे लागत नाही. स्वतंत्र करार करून राहणाऱ्या भाडेकरूला मात्र स्वतःचे हवे.

1 एप्रिल 2025 पासून वर्षाची फी 174.50 पौंड झाली. फी बदलत असते, म्हणून भरण्यापूर्वी चालू दर पाहावा. ती हप्त्यांनीही भरता येते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांपैकी ज्यांना पेन्शन क्रेडिट मिळते, त्यांना लायसन्स फुकट मिळते. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. आपल्यातल्या ज्येष्ठांनी ही चौकशी जरूर करावी.

लायसन्स लागत नसेल, तर टीव्ही लायसन्सिंगला तसे कळवावे. एरवी पत्रे येत राहतात. तपासनीस दारात आला, तर घाबरू नये. कोर्टाचे वॉरंट नसेल, तर आपल्या परवानगीशिवाय त्याला घरात येता येत नाही.

शेवटी एक सूचना : "एकदाच पैसे भरा, जगातल्या सगळ्या वाहिन्या पाहा" म्हणणाऱ्या स्वस्त बॉक्सच्या नादी लागू नका. विनापरवाना प्रक्षेपण विकणाऱ्यांना इथे तुरुंगवास झालेला आहे. असा बॉक्स उद्या बंद पडला, तर दाद कुणाकडे मागणार?