पोटातली कळ, कापलेली पट्टी

कापूस वेचणीचे दिवस. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरसारख्या सिमेंटच्या गावात औषध दुकानासमोर एखादी मजूर बाई थोडी बाजूला उभी राहते. पुरुष गिऱ्हाईक गेलं की हळूच म्हणते, ‘पोटदुखीची द्या.’ दुकानदार काही विचारत नाही. पट्टीतल्या दोन गोळ्या कात्रीने कापतो, कागदात गुंडाळतो आणि हातावर ठेवतो.

चाळीस वर्षांपूर्वी या मुलखात पाळीतली ही कळ दुखण्यात धरलीच जात नव्हती. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण, नाहीतर नसबंदी. चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि वसा व अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना कुठलं ना कुठलं स्त्रीरोग होतं. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. पाळीच्या तक्रारी, पांढरं जाणं, जंतुसंसर्ग, हे सगळं आजवर अंगावर काढलेलं.

वैद्यकाला ही कळ नवी होती असं मात्र नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांची यादी आहे, त्यातली एक ‘उदावर्तिनी’. वेग अडवल्याने वायू उलटा फिरतो, रज कष्टाने बाहेर पडतं आणि ते सुटलं की बाईला लगेच बरं वाटतं, असं तिचं वर्णन. उपाय वातावरचे: तेल, शेक, बस्ती, दशमुळं. या कळेसाठी आज सर्रास वापरला जाणारा ‘कष्टार्तव’ हा शब्द संहितेत स्वतंत्र रोग म्हणून येत नाही.

आधुनिक वैद्यकाला कारण सापडायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. गर्भाशयाचं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लॅंडिन तयार होतं, स्नायू आवळतात, रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ येते. १९७१ मध्ये जॉन वेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधं हेच द्रव्य तयार होऊ देत नाहीत हे दाखवलं; १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. दुकानात कापून मिळणाऱ्या त्या गोळीतलं मेफेनॅमिक आम्ल याच घराण्यातलं. प्रोस्टाग्लॅंडिन म्हणजेच चरकाचा उलटा फिरणारा वायू, असं जुळवून टाकायची हौस अनेकांना असते. त्याची गरज नाही. चरकाचं निरीक्षण आपल्या जागी पक्कं आहे आणि आजही कामाचं आहे. साधी कळ पाळीबरोबर येते, दोन-तीन दिवसांत ओसरते. पाळीच्या कितीतरी आधी सुरू होणारी, संपल्यावरही न थांबणारी किंवा वर्षागणिक वाढत जाणारी कळ वेगळी. तिच्यामागे एंडोमेट्रिओसिस, गाठ किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे ओव्याचा काढा पुरत नाही आणि गोळीही नुसती झाकण घालते.

हा फरक विचारूनच कळतो, आणि विचारणं इथे अवघड. गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत पाळीतल्या बाईला कुरमाघरात, म्हणजे वेगळ्या झोपडीत, राहावं लागतं. जेवणपाण्यासाठी घरच्या बायकांवर अवलंबून. २०१५ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ही प्रथा थांबवण्याबाबत राज्य सरकारला सांगितलं, तरी बऱ्याच गावांत ती चालूच राहिली. राज्याच्या दुसऱ्या भागात, बीडमध्ये, न विचारण्याची आणखी भयंकर तऱ्हा दिसली. २०१९ च्या शासकीय समितीसमोर आलेल्या आकड्यांत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीच नसली की खाडा नाही, मजुरी बुडत नाही. पिशवीच काढली की कळही नाही!

नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक आम्लाबद्दल इशारा दिला: क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि गाठींची सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, आणि ती गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनीही. अशी वेळ आलीच, तर डॉक्टर पहिल्यांदा गोळीचं नाव विचारणार. ते नाव पट्टीच्या उरलेल्या अर्ध्या भागावर छापलेलं असतं, दुकानाच्या खणात.